बाबागाडीतली बरणी

बोनचा सण आटोपला, पितर जेवूनखाऊन आपल्या मुक्कामी परतले, आणि तांदळाच्या दुकानाला सुट्टीचा एक दिवस शिल्लक राहिला. त्या दिवशी सकाळी ओसाकातल्या कुजोच्या गल्लीतून कुमेआजीचं अख्खं घर जागतिक प्रदर्शन बघायला निघालं. पुढे मुलगा सेइजी, दोन्ही हातांत पिशव्या. मागे सून मित्सुए, कडेवर दोन वर्षांचा शिंगो. मधे सात वर्षांचा कोहेइ आणि पाच वर्षांची मिहो, एकमेकांच्या टाचा तुडवत. आणि सगळ्यांच्या शेवटी कुमेआजी. अंगात उन्हाळी किमोनो, पाठ ताठ, आणि पोटाशी निळ्या फडक्यात बांधलेली चिनी मातीची बरणी.

बरणीत कोंडा होता. आंबवलेला, मीठ घातलेला, भाताचा कोंडा. सकाळी त्यात काकड्या-वांगी पुरायची आणि जेवायच्या वेळी काढून, धुऊन, चिरून पानात वाढायची. कुजोत प्रत्येक घरी अशी बरणी असते. पण कुमेआजीची बरणी ती कुमेआजीची बरणी. तिच्या सासूने ती माहेराहून आणली होती. युद्धात अख्खं कुजो पेटलं तेव्हा लोक गाद्या, पेट्या, पितरांच्या नावांच्या पाट्या घेऊन पळाले. कुमेआजी एका हातात सेइजी आणि दुसऱ्या हातात बरणी घेऊन पळाली. पुढे कोणी विचारलं की आधी काय उचललंस, तर ती म्हणायची, "सेइजीला पाय होते."

कोंड्याचं एकच दुखणं. तो जिवंत असतो. रोज कोणाला तरी कोपरापर्यंत हात घालून तळापासून वर-खाली करावा लागतो. ऑगस्टच्या उकाड्यात दोनदा. एक वेळ चुकली की फसफसतो, दुसरी चुकली की नासतो, आणि नासला की दोन पिढ्यांची मेहनत गटारात. आणि हा हात आजवर फक्त कुमेआजीचा होता. मित्सुए लग्न होऊन या घरात आली, तीन मुलांची आई झाली, दुकानाचं माप सांभाळू लागली, पण बरणीचं झाकण उघडायची तिला मुभा नव्हती.

"क्योटोच्या पोरींचे हात थंड असतात," कुमेआजी गल्लीत सांगायची. "बोलणं गोड, हात गार. गार हाताला कोंडा रुसतो."

मित्सुए यावर हसायची. क्योटोची होती ना. तिचं हसू म्हणजे हो की नाही, हे कळायला ओसाकाच्या माणसाला जन्म जातो.

"आई, अजून वेळ गेलेली नाही," स्टेशनच्या पायऱ्यांवर सेइजी म्हणाला. "शेजारच्या काकूंकडे ठेवून येतो. माणसं चंद्रावर जाऊन आली, आणि आपण कोंडा घेऊन प्रदर्शनाला निघालोय."

"तुझ्या त्या काकूला स्वतःचा कोंडा सांभाळता आला नाही, तो माझा सांभाळणार? तिच्या काकड्या खाऊन तिचा नवरा गेला."

"तो म्हातारा होऊन गेला, आई. ब्याण्णव वर्षांचा होता."

"नाहीतर शंभर जगला असता. आणि चंद्रावर जाऊन काय आणलं म्हणे तुमच्या माणसांनी?"

"दगड!" कोहेइ ओरडला. त्याचा जीव त्या दगडात अडकला होता. वर्गातल्या सगळ्यांनी तो बघितला होता, कोणी दोनदा. "आजी, तो दगड बघायला चार-चार तास रांग असते!"

"दगड बघायला चार तास," कुमेआजी म्हणाली. "घरी मुळ्याच्या लोणच्यावर वजनाला ठेवलाय तो फुकट दिसतो. बघ बाबा."

प्रदर्शनाच्या दारावर गर्दी इतकी की मुंगीने पाय कुठे ठेवावा. दारापाशी दोन गोष्टी मिळत होत्या. एक म्हणजे लहान मुलांसाठी बिल्ले, त्यावर मुलाचं नाव आणि गल्ली लिहून छातीला लावायचे, म्हणजे पोर हरवलं तर सापडेल. दुसरी म्हणजे भाड्याच्या बाबागाड्या. सगळ्या एका रंगाच्या, एका मापाच्या, एकाच बाजूला कुरकुरणाऱ्या.

शिंगोला बाबागाडीत बसवलं तर तो कमानीसारखा ताठ झाला. बिल्ला लावला तर त्याने तो उपटून टाकला आणि प्रदर्शनाच्या मधोमध उभ्या सूर्याच्या मनोऱ्यापर्यंत ऐकू जाईल असा सूर लावला.

"राहू दे त्याला कडेवर," कुमेआजी म्हणाली, आणि भाडं भरलेल्या गाडीत तिने बरणी ठेवली. "माझा हात मोडला सकाळपासून." बरणीवर ओला पांढरा टॉवेल पांघरला. नवीन वर्षाला प्रत्येक दुकानदार गिऱ्हाइकांना वाटतो ना, तसला; जपानात असं घर नाही ज्यात असले दहा टॉवेल नाहीत. मिहोला वाटलं बरणी हरवली तर? तिने शिंगोचा टाकलेला बिल्ला उचलला आणि निळ्या फडक्याच्या गाठीला लावून दिला. तिच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

मग काय, दिवस उधळला. सूर्याचा मनोरा हात पसरून उभा होता. कोहेइ म्हणाला, "आजी, याला पुढे दोन तोंडं आणि पाठीला एक!"

"माझ्या मोठ्या जावेलाही तीन होती," कुमेआजी म्हणाली. "एक नवऱ्यासाठी, एक सासूसाठी, एक देवळात जाताना."

सरकत्या रस्त्यावर मुलं तीनदा उलटसुलट जाऊन आली. चौथ्यांदा आजीही चढली, बाबागाडीसकट, आणि काचेच्या बोगद्यातून चालल्याशिवाय पुढे जाताना तिचा चेहरा असा झाला की जणू हा रस्ता तिच्यासाठीच बांधला होता. मधे एका दालनाच्या दारात लाल केसांची, उंच, परदेशी मुलगी पाहुण्यांना वाकून नमस्कार करत होती. कुमेआजीने पर्स उघडली. ओसाकाच्या आजीच्या पर्समध्ये पैसे नसले तरी चालतं, गोळ्या लागतात. ओळखीच्याला, अनोळख्याला, रडणाऱ्याला, बस चालवणाऱ्याला, दिसेल त्याला द्यायच्या. तिने त्या मुलीच्या हातावर काळ्या साखरेची गोळी ठेवली. मुलीने ती गालात धरली आणि अस्सल ओसाकाच्या बोलीत आभार मानले.

"बघ," कुमेआजी सुनेला म्हणाली. "साता समुद्रापलीकडून आली आणि आमची बोली शिकली. काही लोक क्योटोहून येतात, नऊ वर्षं होतात..."

"हो ना, आई," मित्सुए गोड आवाजात म्हणाली. "तिला शिकवणारी चांगली मिळाली असेल."

कुमेआजी चार पावलं पुढे गेली आणि मग थबकली. पण तोवर मित्सुए शिंगोचं नाक पुसायला लागली होती.

जेवणं एका झाडाखाली झाली. भाताचे मुटके, गोड अंड्याची वडी, जवाचा गार चहा. कुमेआजीने बरणी उघडली, बाही खांद्यापर्यंत गुंडाळली, हात घालून काकड्या बाहेर काढल्या, कोंडा तळापासून उलटला, वरून थापटून सपाट केला, आणि शेवटी मधोमध तीन बोटं हलकेच दाबली. तीन खळगे. ही तिची खूण. सासूबाई अशीच करायच्या, म्हणजे आपल्यामागे कोणी हात घातला तर कळावं. कुमेआजीला नाव लिहायला फार उशिरा आलं, आणि आलं तेही वाकडं. पण या तीन बोटांची सही तिने कधी चुकू दिली नव्हती.

"गेल्या जूनमध्ये मी तापाने पडले होते," काकडी चिरता चिरता तिने शेजारच्या चटईवरच्या अनोळखी बायकांना ऐकवलं. "आठवडाभर उठता आलं नाही. पावसाचे दिवस, भिंतींना बुरशी. उठून बघते तर कोंडा जसाच्या तसा! खुणेसकट! आठवडाभर हात न लावता टिकला. याला म्हणतात हाताचा गुण."

बायकांनी काकडी खाल्ली आणि माना डोलावल्या. मित्सुए मुलांना पाणी पाजत होती.

जेवणानंतर एका दालनात गोल पडद्यावर सिनेमा होता. बाबागाड्या आत नेता येत नव्हत्या. बाहेर ताडपत्रीच्या सावलीत त्यांची लांब रांग लागली होती. सेइजीला राखणीला बसवलं. रोज पहाटे उठून तांदूळ सडणारा माणूस तो. सावली मिळाली, बाक मिळालं, आणि बसल्या जागी त्याची मान पडली. शेजारी एक खेड्यातले आजोबा होते, गळ्यात सहलीच्या बिल्ल्याची दोरी, तेही त्याच कामाला बसले होते आणि त्याच पद्धतीने करत होते.

आतून मुलं चित्कारत बाहेर आली. कुमेआजीने सेइजीला छत्रीच्या टोकाने उठवलं. "राखण करतोयस की गिरणी चालवतोयस? घोरणं आत ऐकू येत होतं." आणि समोरची बाबागाडी ओढून ती ताडताड निघाली. चंद्राच्या दगडाच्या रांगेकडे.

रांग कसली, नदी होती ती. वळणं घेत, उन्हात वितळत, इंचाइंचाने सरकणारी. कुमेआजीने पहिल्या अर्ध्या तासातच मागच्यापुढच्यांना गोळ्या वाटून टाकल्या. पुढचा लठ्ठ गृहस्थ कोबेचा, त्याला गुडघेदुखी. मागचे तिघे कॉलेजचे विद्यार्थी, त्यांचं अजून लग्न नाही. सगळ्यांचं सगळं तिला कळलं. मधूनमधून ती बाबागाडीकडे वाकून म्हणायची, "जरा दम धर गं बाई. सावलीत गेलं की बघते तुला."

"आजी," मिहो म्हणाली, "कोंडा हलतोय."

"उन्हाने फुगतो. फुगला की हलतो."

मिहो थोडा वेळ बघत राहिली. "आजी, कोंडा पाय झाडतोय."

"मिहो, उन्हात उगाच काहीतरी बोलू नकोस."

"आजी. कोंड्याला बोटं आहेत. पाच."

कुमेआजीने टॉवेल उचलला. आत एक गोल, गुबगुबीत, घामाने थबथबलेली, सहा-सात महिन्यांची मुलगी होती. तिने डोळे उघडले, कुमेआजीकडे बघितलं, आणि दात नसलेलं तोंड उघडून भलीमोठी जांभई दिली.



"माझी बरणी!" कुमेआजी म्हणाली.

हे तिच्या तोंडून निघून गेलं, आणि रांगेतल्या दहा-वीस लोकांनी ते ऐकलं. मग तिला भान आलं. कुठेतरी एखादी आई आत्ता टॉवेल उचलत असेल.  कुमेआजीने मुलीला उचललं, खांद्यावर घेतलं. मुलीने लगेच तिच्या किमोनोची कड मुठीत धरली आणि मान टेकली.

"ताडपत्रीखाली," सेइजी पांढरा पडून म्हणाला. "ते आजोबा. आई, मी... मी फक्त डोळे मिटले होते."

"तुझ्यावर घरी गेल्यावर बघू. मित्सुए, चल. हरवलेल्या मुलांचं केंद्र कुठे आहे?"

"आणि दगड?" कोहेइ म्हणाला. त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. दोन तास उन्हात उभं राहून दार आत्ता कुठे दिसायला लागलं होतं. तो रडला नाही. रडला असता तर बरं झालं असतं.

कोबेचा लठ्ठ गृहस्थ घसा खाकरून म्हणाला, "आजी, तुम्ही जा. पोरगा आणि त्याचा बाप थांबू देत इथं. तुमची जागा आम्ही धरतो."

"गोळ्या खाल्ल्यात तुमच्या," मागचा विद्यार्थी म्हणाला.

तर सेइजी आणि कोहेइ रांगेत राहिले, आणि बाकीची वरात निघाली. पुढे बाळ खांद्यावर घेतलेली कुमेआजी, मागे शिंगोला कडेवर घेतलेली मित्सुए, तिचा पदर धरावा तसा झगा धरून मिहो. मित्सुए म्हणाली, "आई, बाळ माझ्याकडे द्या, शिंगो चालेल." दिलं. मुलीने असा टाहो फोडला की एका दालनाचा पहारेकरी बाहेर आला. परत घेतलं, गप्प. पुन्हा दिलं, टाहो.

"हाच आमचा हाताचा गुण," कुमेआजी म्हणाली. पण आवाजात नेहमीचा जोर नव्हता. ऊन कलत होतं. कोंडा उन्हात कुठेतरी फिरत होता. कोणी तो कचऱ्यात टाकला असेल. परक्याला त्या वासाची काय किंमत? मुलगी आईला मिळेल, मिळालीच पाहिजे. पण सासूबाईंना ती काय सांगणार होती? बाँब पडताना वाचवली आणि जत्रेत हरवली?

तेवढ्यात कर्णा वाजला. त्यातून एका तरुण मुलीचा आवाज आला, मोठा नम्र आणि मोठा गोंधळलेला.

"कुजोहून आलेल्या शिंगोच्या घरच्यांनी हरवलेल्या मुलांच्या केंद्रात यावं. शिंगोने... शिंगोच्या अंगावर निळं फडकं आहे. शिंगोला झाकण आहे. कृपा करून लवकर यावं. शिंगो उतू चाललाय."

"मी इथे आहे," कडेवरून शिंगो म्हणाला.

मिहोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी बिल्ला लावला होता," ती बोटांच्या फटीतून म्हणाली. "बरणीला."

कुमेआजी भररस्त्यात थांबली. नातीकडे बघत राहिली. मग तिने पर्समध्ये एका हाताने चाचपून उरलेल्या सगळ्या गोळ्या काढल्या आणि मिहोच्या ओंजळीत ओतल्या.

केंद्रात एरवी रडारडीने छप्पर उडत असावं. आत्ता चिडीचूप होतं. हरवलेली दहा-बारा पोरं एका टेबलाभोवती गोल करून बसली होती, आणि टेबलावर कुमेआजीची बरणी होती. झाकण आतून वर उचललं जायचं, फुस्स करायचं, खाली बसायचं. पोरं डोळे विस्फारून पुढच्या फुस्सची वाट बघत होती. टोपी घातलेली सेविका रुमाल नाकाशी धरून लांब उभी होती.

"एक आजोबा घेऊन आले," ती म्हणाली. "बाळ म्हणून नेलं, टॉवेल काढला तर हे! घरचे सगळे बाळाला शोधायला ताडपत्रीकडे धावलेत. त्यांना बोलवायला माणूस पाठवते, लगेच!" आणि ती बाहेर पळाली.

कुमेआजीने झाकणाकडे बघितलं. कडेने फेस ओघळत होता. अजून थोडा वेळ, आणि संपलं. आत्ता हात जायला हवा होता. आत्ता, या घडीला. तिने मुलीला खुर्चीवर ठेवायला जरा खाली वाकवलं. मुलीने किमोनोची कड दोन्ही मुठींत धरली, श्वास आत ओढला आणि चेहरा लालभडक केला.

"नको नको नको," कुमेआजी तिला पुन्हा खांद्यावर घेत म्हणाली. "नको गं राणी. आहे, मी आहे." दोन्ही हात त्या परक्या पोरीत अडकले होते. बरणी फुस्स झाली. फेसाचा एक ओघळ टेबलावरून खाली टपकला.

"आई," मित्सुए म्हणाली. एवढंच.

कुमेआजी भिंतीकडे बघून म्हणाली, "हात धुऊन ये. कोपरापर्यंत."

मित्सुएने शिंगोला खाली ठेवलं, नळावर हात धुतले, कोरडे केले. बाही खांद्यापर्यंत गुंडाळली. झाकण काढलं. पोरांनी नाकं धरली, पण कोणी हललं नाही. हात कोपरापर्यंत आत गेला. तळाचा कोंडा कडेने वर आला, वरचा मधून खाली गेला. घाई नाही, दांडगाई नाही. कडा बोटाने पुसून घेतल्या. फेस विरला. वास आंबट होता तो हळूहळू गोडसर झाला. मग तळव्याने थापटून तिने सगळं सपाट केलं, आणि हात उचलता उचलता मधोमध तीन बोटं हलकेच दाबली.

तीन खळगे.

तिच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. हात तसाच हवेत राहिला, कोंड्याने माखलेला.

कुमेआजी त्या खळग्यांकडे बघत होती. बोटांतलं अंतर तेवढंच. मधलं बोट जरा खोल, तेही तसंच. असली सही एका दिवसात वठत नाही.

"जूनमध्ये," कुमेआजी म्हणाली.

"तुम्हाला फार ताप होता, आई."

"आठवडाभर?"

"सकाळ-संध्याकाळ." मित्सुएने मान खाली घातली. "दुसऱ्या दिवशी त्याला वास यायला लागला होता. मला राहवलं नाही. मग तुम्ही उठलात, आणि गल्लीभर सांगत सुटलात... तेव्हा मग कसं बोलणार?"

गल्लीभर. मासळीवाल्याला, न्हाव्याला, देवळातल्या भटजीला. आज झाडाखालच्या अनोळखी बायकांना सुद्धा, आणि ही शेजारी बसून मुलांना पाणी पाजत होती. कुमेआजीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. तिने तोंड उघडलं. तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मित्सुएने डोळे मिटून घेतले. आणि तिला ऐकू आलं ते हसू. आधी नाकातून, मग छातीतून. खांद्यावरची मुलगी गदगदा हलू लागली आणि तीही हसू लागली, आणि मग टेबलाभोवतीची पोरं, कशाला ते माहीत नसताना.

"क्योटोची चोरटी!" कुमेआजी डोळे पुसत म्हणाली. "सहीसकट चोरलीस! आणि त्या जूनच्या काकड्या... मी म्हटलं होतं या वर्षीच्या काकड्यांना काही औरच चव आहे. म्हटलं होतं ना?"

"हो, आई. तीनदा वाढून घेतल्या होत्यात."

"गप्प बस."

एवढ्यात दार धाडकन उघडलं आणि दूर उत्तरेकडच्या अकिताचं एक कुटुंब आत कोसळलं. पुढे रडून सुजलेली तरुण आई, मागे गळ्यात दोरी असलेले ते आजोबा, जमिनीत जागा शोधत असल्यासारखे, आणि त्यांच्यामागे कमरेत वाकलेली, उन्हाने करपलेली आजी. मुलगी आईला बघताच कुमेआजीला विसरली. असंच असतं. आई तिला छातीशी धरून इतक्यांदा वाकली की कुमेआजीलाच चक्कर आली.

"आमच्या म्हाताऱ्याला माफी करा, बाई," अकिताची आजी म्हणाली. "सहलवाल्याची शिट्टी वाजली की हातात येईल ते घिऊन पळतंय. मागं एकदा दुसऱ्याचं वासरू आणलं हुतं घरला."

"एकदाच," आजोबा म्हणाले.

"आमच्याकडेही एक रत्न आहे," कुमेआजी म्हणाली. "रांगेत उभं करून आलेय."

पण अकिताच्या आजीचं लक्ष बरणीकडे गेलं होतं. ती जवळ आली, वाकली, डोळे मिटून वास घेतला, जसा दुसऱ्या बाया फुलांचा घेतात. कुमेआजीने तळाशी राहिलेली एक काकडी मित्सुएला काढायला लावली. अकिताच्या आजीने ती पुसली, कचकन चावली आणि बराच वेळ चावत राहिली. खोलीत सगळे तिच्या जबड्याकडे बघत होते.

"मीठ कमी हाय," ती शेवटी म्हणाली.

कुमेआजीची पाठ ताठ झाली. "ओसाकात मीठ कमीच खातात. तुमच्याकडे बर्फात जीभ गोठते, म्हणून तुम्हाला पोतंभर लागतं."

"मीठ कमी हाय," अकिताची आजी दुसरा घास घेत म्हणाली, "पण कोंडा लई गुणाचा हाय. असा मी माझ्या सासूकडंच बघितला. मूठभर देता का? डब्यात घिऊन जाईन. आमच्या कोंड्यात मिसळीन. ह्या पोरीला मोठी झाल्यावर सांगीन, तू येका बरणीच्या बदल्यात गेली हुतीस."

कुमेआजीने आजवर तो कोंडा कोणाला दिला नव्हता. सख्ख्या नणंदेला नाही, शेजारणीला तर नाहीच. सगळ्यांना वाटलं आता ही काहीतरी तिखट बोलणार. तिने अकिताच्या आजीकडे बघितलं, त्या हसणाऱ्या मुलीकडे बघितलं, आणि मग हनुवटीने सुनेकडे खूण केली.

"मला काय विचारता? हात तिचा आहे. तिला विचारा."

मित्सुएने सासूकडे बघितलं, आणि या वेळी तिचं हसू कळायला क्योटोचं असावं लागत नव्हतं. तिने हात पुन्हा बरणीत घातला आणि अकिताच्या आजीच्या डब्यात मूठभर नाही, दोन मुठी कोंडा घातला.

"एक म्हणाली होती ती," कुमेआजी पुटपुटली. "आली मोठी दानशूर."

परत रांगेत पोहोचले तेव्हा दिवे लागले होते, आणि कोबेचा गृहस्थ कोहेइला खांद्यावर बसवून उभा होता, गुडघेदुखीसकट. दार समोर होतं. विद्यार्थ्यांनी बरणी बघितली आणि टाळ्या वाजवल्या. बरणी आता मित्सुएच्या पोटाशी होती, आणि बाबागाडीत, दिवसभरात पहिल्यांदा, शिंगो झोपला होता.

आत काचेमागे, दिव्यांच्या झोतात, चंद्राचा दगड होता. कोहेइने काचेला नाक लावलं. त्याच्या श्वासाने काच धुरकट झाली, त्याने ती बाहीने पुसली, पुन्हा नाक लावलं.  मग तो वळला. चेहरा असा उजळलेला, की अख्खा चंद्रच त्याला दिला असावा.

"आजी, बघितलास? चंद्रावरचा आहे!"

कुमेआजीने वाकून, डोळे बारीक करून, नीट पारखून बघितला.

"हा?" ती म्हणाली. "याखाली एक मुळासुद्धा दबायचा नाही."

रांग खो खो हसली. पहारेकऱ्यानेही खालचा ओठ चावला. कोहेइ तर इतका हसला की त्याला उचकी लागली, आणि उचकीतच तो दगडाला हात हलवून निरोप देत बाहेर आला.

घरी परतताना गाडीत बसायला जागा मिळाली. मुलं एकमेकांवर कलंडून झोपली होती, सेइजी उभ्याउभ्या. मित्सुए बरणी मांडीवर घेऊन बसली होती. तिने हळूच उजवा हात नाकाशी नेला.

"आई, तीनदा साबण लावला. वास जात नाहीये."

"जायचा नाही," कुमेआजी म्हणाली. तिने आपला हात पुढे केला, सुनेच्या नाकापाशी धरला आणि पुन्हा मांडीवर ठेवला. "सकाळी लवकर ऊठ. वांगी पुरायची आहेत. आणि मीठ जरा चाखून बघ. ती बाई म्हणत होती ते अगदीच खोटं नाही."